बायबलमधील प्रतीके कशी वाचावीत

बायबल प्रथमच हाती घेणारा वाचक कथा सहज समजून घेतो, पण प्रतीकांपाशी अडखळतो. साप, कोकरा, खमीर, दीपवृक्ष, सात शिक्के आणि समुद्रातून वर येणारे श्वापद या सगळ्यांचा अर्थ कुणीतरी एका यादीत मांडून द्यावा, असे त्याला वाटते. अशा याद्या मिळतातही. परंतु त्यांच्यावर विसंबून वाचन सुरू केले की पहिल्या काही दिवसांतच त्या कमी पडतात. ‘सिंह म्हणजे ख्रिस्त’ हे पाठ करून आपण प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातील ‘यहूदा वंशाचा सिंह’ समजून घेतो आणि मग पेत्राच्या पहिल्या पत्रात सैतानच गर्जणाऱ्या सिंहासारखा फिरतो आहे, असे वाचून गोंधळतो. खमिराचेही तसेच आहे. मत्तयाच्या तेराव्या अध्यायात एक स्त्री पिठात खमीर मिसळते आणि ते स्वर्गाच्या राज्याचे उदाहरण ठरते. त्याच शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात येशू शिष्यांना परूशी व सदूकी या यहूदी धर्मपंथांच्या खमिरापासून जपायला सांगतो. तेव्हा प्रतीकाचा अर्थ त्या वस्तूला कायमचा चिकटलेला नसतो. ती वस्तू आधी कुठे आली होती आणि आता कोणत्या प्रसंगात येते आहे, यांच्या मधल्या नात्यात तो अर्थ असतो. पुढचे सारे मार्गदर्शन या एकाच गोष्टीवर उभे आहे.

सापाचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात साप स्त्रीला फसवतो. त्याला सैतान हे नाव मात्र तिथे कुठेही दिलेले नाही, ती ओळख जुनाट साप म्हणून प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात येते. मधल्या काळात, गणना या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात, रानात सर्पदंशाने मरणाऱ्या लोकांसाठी मोशे पितळेचा साप करून खांबावर लावतो आणि त्याच्याकडे पाहणारा जगतो. पुढे हाच पितळी साप लोकांच्या पूजेचा विषय होतो, त्याच्यापुढे धूप जळू लागतो आणि म्हणून हिज्कीया राजा तो फोडून टाकतो (2 राजे 18). अखेर योहानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू स्वतःच्या उंच केले जाण्याची तुलना त्याच सापाशी करतो. फसवणूक, उपाय, मूर्ती आणि तारण या चारही ठिकाणी वस्तू एकच आहे. एका ओळीचा अर्थ देणारी यादी येथे काय करणार?

सुरुवातीची तयारी

समासात किंवा तळाशी समांतर संदर्भ दिलेली आवृत्ती घ्यावी. वचनाशेजारी बारीक टाइपात छापलेले ते आकडे बहुतेक वाचक ओलांडून जातात. प्रतीके वाचणाऱ्याचे मुख्य साधन मात्र तेच आहे. शक्य असल्यास दोन वेगवेगळी मराठी भाषांतरे शेजारी ठेवावीत, कारण जिथे दोन भाषांतरांत शब्द वेगळा पडतो तिथे मूळ भाषेत काहीतरी अवघड किंवा सुंदर दडलेले असण्याची शक्यता मोठी असते. सोबत एक वही असावी. तिच्या डाव्या पानावर जुन्या करारातील आणि उजव्या पानावर नव्या करारातील ठिकाण लिहावे. ही साधी पद्धत कोणत्याही जाड भाष्यग्रंथाइतकी उपयोगी पडते, असे माझे मत आहे.

आपल्या हातात कोणते बायबल आहे, हेही पाहून घ्यावे. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये 66 पुस्तके असतात आणि कॅथलिक बायबलमध्ये 73. जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेत आहे, दानीएल व एज्रा यांचा काही भाग अरामी भाषेत आहे आणि नवा करार ग्रीक भाषेत आहे. अध्याय आणि वचनांचे आकडे मूळ लेखकांचे नव्हेत. आजची अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातल्या स्टीफन लँग्टन यांच्या नावावर आहे, तर नव्या कराराच्या वचनांना आज प्रचलित असलेले आकडे रोबेर एस्तिएन या मुद्रकाने 1551 मध्ये दिले. म्हणून ‘अमुक गोष्ट तेराव्या अध्यायाच्या तेराव्या वचनात आहे’ यात गूढ अर्थ शोधणे व्यर्थ आहे. प्रसंग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे अध्यायाच्या खुणेवरून ठरवू नये, मजकुरावरून ठरवावे.

एक प्रतीक शेवटपर्यंत कसे शोधावे

सरावासाठी कोकरा घ्यावा. योहानाच्या पहिल्या अध्यायात बाप्तिस्मा करणारा योहान येशूकडे पाहून ‘हा देवाचा कोकरा’ असे म्हणतो आणि त्याचे स्पष्टीकरण देत नाही, कारण ऐकणाऱ्यांना ते ठाऊक होते. आपल्याला ते ठाऊक नाही, म्हणून आपण निर्गमाच्या बाराव्या अध्यायाकडे जावे आणि तो सावकाश, तपशील टिपत वाचावा. मिसर देशातील गुलामगिरीची ती शेवटची रात्र आहे. महिन्याच्या दहाव्या दिवशी प्रत्येक घराने एक वर्षाचा, निर्दोष नर निवडायचा आहे. तो मेंढरांतला असो की बकऱ्यांतला, दोन्ही चालतात. चौदाव्या दिवसापर्यंत तो सांभाळायचा आहे. चार दिवस घरात वावरलेले ते पिल्लू मुलांच्या किती लळ्याचे झाले असेल, हे शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या घरातील वाचकाला सांगावे लागणार नाही. मग संध्याकाळी तो कापायचा, त्याचे रक्त भांड्यात घ्यायचे, एजोब नावाच्या झुडपाची जुडी त्यात बुडवायची आणि दाराच्या दोन्ही बाह्यांना व कपाळपट्टीला ते लावायचे. मांस भाजून बेखमीर भाकरीबरोबर आणि कडू भाजीबरोबर खायचे. आणि एक बारीक सूचना अशी आहे की त्याचे हाड मोडायचे नाही.

वहीच्या डाव्या पानावर हे चार शब्द लिहावेत: निर्दोष, रक्त, एजोब, न मोडलेले हाड. आता योहानाचा एकोणिसावा अध्याय उघडावा. तो वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातील त्या रात्रीच्या आठवणीच्या सणाच्या, तयारीचा दिवस आहे, हे योहान मुद्दाम सांगतो. वधस्तंभावरील येशूला आंबेत, म्हणजे आंबट द्राक्षारसात, भिजवलेला बोळा ज्यावर लावून देतात ती काठी एजोबाची आहे. एजोब हे बारीक पानांचे सुगंधी झुडूप आहे. अनेक अभ्यासक ते आपल्या मरव्याच्या जातकुळीतले मानतात. आंबेने भिजलेला जड बोळा उचलण्यासाठी कुणी अशी नाजूक काडी सहसा निवडणार नाही. मत्तय आणि मार्क येथे बोरू किंवा वेत असा शब्द वापरतात. योहान मात्र एजोब लिहितो, कारण त्याला वाचकाच्या मनात दाराची ती चौकट उभी करायची आहे. त्यानंतर सैनिक दोन्ही बाजूंच्या कैद्यांचे पाय मोडतात, येशूचे मोडत नाहीत आणि योहान शास्त्रलेखाचा दाखला देऊन थांबतो. ‘हा वल्हांडणाचा कोकरा आहे’ असे वाक्य त्याने या अध्यायात एकदाही लिहिलेले नाही. ते आपण निर्गमापर्यंत मागे जाऊन मिळवायचे असते.

फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यातील राचोल येथे 1616 मध्ये छापलेल्या मराठी ‘क्रिस्तपुराणा’ची मांडणी येथे आठवते. ओवीबद्ध असलेल्या त्या ग्रंथाचे त्यांनी दोन भाग केले. पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा आली आणि दुसऱ्यात ख्रिस्ताची. श्रोत्याच्या कानावर आधीची चित्रे आधी पडली पाहिजेत, हा क्रम आजच्या वाचकानेही सोडू नये.

भाषांतरात हरवणारे अर्थ

काही प्रतीके वस्तूवर उभी नसून शब्दाच्या नादावर उभी असतात. यिर्मयाच्या पहिल्या अध्यायात देव विचारतो, तुला काय दिसते? तरुण संदेष्टा सांगतो की बदामाच्या झाडाची डहाळी दिसते. त्यावर देव म्हणतो की तू ठीक पाहिलेस, कारण मी माझे वचन पूर्ण करण्याविषयी जागरूक आहे. मराठीत या दोन वाक्यांचा सांधा लागत नाही. हिब्रूत बदामाला ‘शाकेद’ म्हणतात आणि जागत राहणाऱ्याला ‘शोकेद’. शब्दाचे मूळ एकच आहे. त्या प्रदेशात हिवाळा सरत असताना बदामाला सर्वांआधी फूल येते, पाने फुटण्याच्याही आधी. सारे झोपलेले असताना जागे होणारे ते झाड आहे. हे एकदा कळले की दुसरी ठिकाणेही उजळतात. गणनेच्या सतराव्या अध्यायात अहरोनाच्या वाळक्या काठीला बदाम येतात आणि निर्गमाच्या पंचविसाव्या अध्यायातील सोन्याच्या दीपवृक्षाच्या वाट्या बदामाच्या फुलासारख्या घडवलेल्या आहेत, म्हणजे रात्रभर तेवणारा दिवा जागत्या झाडाच्या आकाराचा आहे.

आमोसाच्या आठव्या अध्यायातील उन्हाळी फळांची टोपलीही याच जातीची आहे. ‘कयित्स’ म्हणजे उन्हाळी फळ आणि ‘केत्स’ म्हणजे शेवट. टोपली पाहताच इस्राएलाचा शेवट आला, असे देव का म्हणतो, ते या नादातून कळते. अशा ठिकाणी तळटीप न चुकता वाचावी. एखाद्या संदेष्ट्याला दाखवलेली वस्तू आणि तिचे स्पष्टीकरण यांचा मेळ बसत नसेल, तर तिथे बहुधा शब्दखेळ आहे, असे समजून चालावे. मूळ भाषांची ही गोडी ज्यांनी प्रत्यक्ष जाणली त्यांत पंडिता रमाबाईंचे नाव आदराने घ्यावे लागते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून मुळावरून संपूर्ण बायबल मराठीत आणले. 1922 मध्ये त्यांचे निधन झाले आणि ते भाषांतर 1924 मध्ये प्रसिद्ध झाले.

कधीकधी काव्याची रचनाच प्रतीक होते. हिब्रू वर्णमालेत 22 अक्षरे आहेत. स्तोत्र 119 मध्ये प्रत्येक अक्षराने सुरू होणारी आठ आठ वचने आहेत, म्हणून ते 176 वचनांचे झाले. देवाच्या नियमाची स्तुती जणू पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत केली आहे. विलापगीताची रचना याहून हृदयस्पर्शी आहे. यरुशलेमच्या नाशावरील त्या पाच कवितांपैकी पहिल्या चार वर्णमालेच्या क्रमाने चालतात. पाचवीतही 22 वचने आहेत, पण अक्षरांचा क्रम नाही. शोक करणाऱ्याच्या हातून शेवटी क्रमही सुटला, असे मी ते वाचतो.

आकड्यांविषयी

संख्या ही बायबलची आवडती भाषा आहे, परंतु तिच्यात वाहवत जाण्याचा धोकाही सर्वांत मोठा आहे. सात हा पूर्णतेचा आकडा आहे आणि त्याचे मूळ निर्मितीच्या सात दिवसांत आहे. शब्बाथ म्हणजे सातव्या दिवसाची विश्रांती, सातव्या वर्षीची जमिनीची विश्रांती आणि सात वेळा सात वर्षांनंतर येणारे पन्नासावे योबेल वर्ष त्यातूनच निघतात. बारा वंशांमुळे बारा प्रेषित येतात. चाळीस हा परीक्षेचा व तयारीचा काळ आहे: जलप्रलयाचा पाऊस 40 दिवस, सीनाय पर्वतावर मोशे 40 दिवस, रानातील भटकंती 40 वर्षे, एलीयाची होरेबापर्यंतची वाट 40 दिवस, निनवेला दिलेली मुदत 40 दिवस आणि येशूचा उपवास 40 दिवस. शेवटचा आकडा वाचताना आधीचे सारे मनात असले म्हणजे रान, भूक आणि मोह यांचा प्रसंग इस्राएलाच्या भटकंतीशी जोडला जातो. येशू तिथे मोहाला दिलेली तिन्ही उत्तरे अनुवाद या पुस्तकातून देतो, हेही मग योगायोग वाटत नाही.

हिब्रू व ग्रीक भाषांत अक्षरेच अंक म्हणून वापरली जात, हे लक्षात ठेवावे. मत्तय आपल्या पहिल्या अध्यायात वंशावळ चौदा-चौदा पिढ्यांच्या तीन भागांत मांडतो. त्यासाठी तो योरामानंतरचे अहज्या, योवाश आणि अमस्या हे तीन राजे वगळून थेट उज्जीयाकडे येतो, म्हणजे चौदा हा आकडा त्याला हवाच आहे. दावीद हे नाव हिब्रूत द-व-द असे तीन अक्षरांनी लिहितात. त्यांची मूल्ये 4, 6 आणि 4 असून बेरीज 14 होते. येशू हा दावीदाचा पुत्र आहे हे मत्तय पहिल्याच ओळीत सांगतो आणि पुढची वंशावळ तेच आकड्यांत पुन्हा म्हणते, हा बऱ्याच अभ्यासकांचा अर्थ मला पटतो.

याच रीतीने प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायातील 666 पाहावा. ही संख्या माणसाची आहे आणि बुद्धिमानाने ती मोजावी, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. रोमन सम्राट नीरो याचे ‘नेरोन कैसर’ हे नाव हिब्रू अक्षरांत मांडले तर न 50, र 200, व 6, न 50, क 100, स 60 आणि र 200 असे सात अंक मिळतात; त्यांची बेरीज 666 होते. लॅटिन वळणाने ‘नेरो’ लिहिले तर शेवटचा न गळतो आणि 616 उरतात. इजिप्तमधील ऑक्सिरिंकस येथे सापडलेल्या एका प्राचीन पपायरसमध्ये ही संख्या खरोखरच 616 आहे आणि दुसऱ्या शतकातील बिशप आयरेनियस यांनाही हा पाठ माहीत होता; त्यांनी मात्र तो चूक मानला. छळ करणाऱ्या सम्राटाकडे बोट दाखवण्याची ती सांकेतिक रीत होती, हे यावरून बळकट होते. आज गाड्यांच्या क्रमांकांत आणि वस्तूंवरील पट्ट्यांत 666 शोधून माणसांना घाबरवले जाते, त्यामुळे या पुस्तकावर अन्याय होतो.

प्रत्येक आकड्याला असा अर्थ असतोच, असे नाही. योहानाच्या एकविसाव्या अध्यायात जाळ्यात 153 मोठे मासे सापडतात. एक ते सतरा या संख्यांची बेरीज 153 होते, हे संत ऑगस्टीन यांनी दाखवले आणि त्यावर सुंदर विवेचनही केले. तरी मजकूर स्वतः कोणतीच खूण देत नाही. कोळ्यांनी मासळी मोजली, कारण पकड मोठी होती, असेही ते असू शकते. मजकुरात खूण नसेल तिथे वहीत प्रश्नचिन्ह लिहावे आणि पुढे जावे.

आपल्या मनातील चित्रे बाजूला ठेवणे

प्रतीक वाचताना आपली संस्कृती नकळत मध्ये येते. कोकणातल्या किंवा वसईच्या किनाऱ्यावरील वाचकासाठी समुद्र म्हणजे रोजची भाकर, सण आणि नारळ. प्राचीन इस्राएली लोक दर्यावर्दी नव्हते; त्यांच्या काव्यात समुद्र म्हणजे आवर न घालता येणारी उलथापालथ. दानीएलाची चार श्वापदे समुद्रातून वर येतात, स्तोत्र 107 मध्ये लाटा शांत करणारा परमेश्वरच असतो आणि म्हणून मार्काच्या चौथ्या अध्यायात येशू वादळाला गप्प करतो तेव्हा शिष्य वादळापेक्षा त्याला अधिक घाबरतात. पांढऱ्या वस्त्रांचेही तसेच आहे: आपल्याकडे पांढरा रंग शोकाशी जोडला गेला, प्रकटीकरणात तो विजयाचा व शुद्धतेचा आहे. मेंढपाळाच्या बाबतीत मात्र आपण भाग्यवान आहोत. तेविसाव्या स्तोत्रात मेंढपाळाच्या हाती काठी आणि आकडी आहे. मेंढरे घेऊन रानोमाळ फिरणारा धनगर ज्याने पाहिला आहे त्याला ती दोन अवजारे वेगळी का सांगितली, हे समजावे लागत नाही. कराराच्या कोशाचे, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पेटीचे, लाकूडही मराठी बायबलमध्ये बाभळीचे आहे, आणि ती वाळवंटात उगवणारी बाभळीच्या कुळातलीच झाडे होती.

चित्रांतून आणि नाटकांतून आलेल्या समजुतीही तपासून घ्याव्यात. एदेन बागेतील फळाचे नाव उत्पत्तीत दिलेले नाही. सफरचंद मागाहून आले, आणि लॅटिनमध्ये ‘मालुम’ हा शब्द वाईट व सफरचंद या दोन्ही अर्थांनी येतो, ही जुळणी त्याला पोषक ठरली. मजकुरात नाव येते ते अंजिराच्या पानांचे. पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक तीन होते, असे मत्तय म्हणत नाही. तीन होत्या त्या भेटी, म्हणजे सोने, ऊद आणि गंधरस. यांतील गंधरस पुन्हा कुठे येतो ते शोधावे: योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायात निकदेम येशूच्या दफनासाठी गंधरस व अगरू यांचे मिश्रण घेऊन येतो.

चर्चच्या कलेतील चिन्हे ही आणखी वेगळी पायरी आहे. मत्तयाला मनुष्य, मार्काला सिंह, लूकाला बैल आणि योहानाला गरुड ही वाटणी शुभवर्तमानांत नाही. यहेज्केल आणि प्रकटीकरण यांतील चार प्राण्यांवरून ती पुढील शतकांत ठरली. जुन्या गोव्यातील बॉम जेझस बॅसिलिकेच्या दर्शनी भागावर कोरलेली आय-एच-एस ही अक्षरे येशूच्या ग्रीक नावाची पहिली तीन अक्षरे आहेत. वहीत अशा चिन्हांसाठी वेगळे पान ठेवावे, म्हणजे मजकूर आणि परंपरा एकमेकांत मिसळत नाहीत.

प्रकटीकरण सर्वांत शेवटी

उत्सुकतेपोटी बहुतेक जण प्रकटीकरणापासून सुरुवात करतात. ते शेवटीच वाचावे, कारण या पुस्तकात जुन्या कराराचे उघड दाखले जवळपास नाहीत, पण त्यातील प्रतिमा मात्र पानोपानी आहेत. निर्गम, यशया, यहेज्केल, दानीएल आणि जखऱ्या वाचून झालेल्या वाचकाला सात कर्ण्यांच्या पीडांत मिसरातील पीडा ओळखू येतात. पाचव्या अध्यायात हे दर्शन पाहणारा योहान ऐकतो ते सिंहाविषयी, पण वळून पाहतो तर वधलेला कोकरा उभा असतो. पुढे ख्रिस्तासाठी कोकरा हा शब्द या एका पुस्तकात 28 वेळा येतो, आणि निर्गमाची रात्र वहीत नोंदवलेली असली म्हणजे प्रत्येक वेळी ती दाराची चौकट समोर येते.

एकविसाव्या अध्यायात नवी यरुशलेम मोजली जाते तेव्हाही वहीचे डावे पान उघडे ठेवावे. नगरीची लांबी, रुंदी आणि उंची सारखीच, प्रत्येकी 12,000 स्टेडिया (लांबीचे प्राचीन ग्रीक माप) आहे. एवढ्या उंचीची नगरी डोळ्यांसमोर आणण्याचा प्रयत्न करून वाचक थकतो. पण 1 राजे यातील सहाव्या अध्यायात शलमोनाच्या मंदिराच्या परमपवित्रस्थानाचे माप पाहावे: वीस हात लांब, वीस हात रुंद, वीस हात उंच, आणि आतून सोन्याने मढवलेले. त्या गाभाऱ्यात वर्षातून एकदा एकटा मुख्य याजक जात असे. योहानाला दिसलेली नगरीही शुद्ध सोन्याची आहे, तिच्या वेशी कधी बंद होत नाहीत आणि तिच्यात त्याला मंदिर कुठेच दिसत नाही, कारण सगळी नगरीच गाभारा झालेली आहे.